गंधकाचं पाणी, जोडवी आणि अकिताचे डोंगर

गेल्या महिन्याच्या सदरात ईशान्य जपानमधल्या गरम पाण्याच्या झऱ्यांचा एका ओळीत उल्लेख केला होता. त्या ओळीवर इतकी पत्रं आली की संपादकांनी हा अख्खा भाग त्यालाच देऊन टाकला. मी मोरिओकाला राहते. मधली डोंगररांग ओलांडली की पलीकडे अकिता प्रांतातला सेम्बोकु नावाचा भाग लागतो. एक खोल तलाव, एक निळी दरी, ज्वालामुखी आणि जागोजाग वाफ सोडणारी जमीन. जपानभरच्या झऱ्यांवर मी बोलणार नाही, तेवढी माझी फिरस्ती नाही. या एका भागाबद्दल मात्र खुशाल विचारा.

*

प्रश्न: ऑक्टोबरच्या शेवटी आई-बाबांना घेऊन टोकियोला भावाकडे जातोय. भाऊ म्हणतो हाकोनेला जाऊन या. सहलवाले म्हणतात हाकोने, फुजी, क्योतो, ओसाका, सगळं सहा दिवसांत उरकू. आईला गर्दी सोसत नाही, बाबांना डोंगर हवेत. तुम्ही काय सुचवाल? (पुणे)

उत्तर: सहा दिवसांत एवढं केलंत तर आई-बाबांना जपान कमी आणि रेल्वे स्थानकांचे जिने जास्त दिसतील. हाकोनेवर माझा राग नाही. पण ते टोकियोच्या इतकं जवळ आहे की सुट्टीच्या दिवशी अर्धं टोकियो तिथेच असतं, आणि तुम्ही जाणार ऐन पानं रंगण्याच्या दिवसांत. त्यातल्या तीन रात्री काढा आणि सेम्बोकुला या.

टोकियोहून कोमाची नावाची लाल शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, थेट ताझावाको स्थानकाला येते, साधारण पावणेतीन-तीन तासांत. सगळ्या जागा आरक्षित असतात, तेव्हा तिकीट आधी काढा. मोरिओकापर्यंत ती हायाबुसा नावाच्या हिरव्या शिंकान्सेनला जोडलेली असते आणि दोघी मिळून वाटेत ताशी 320 किलोमीटरचा वेग गाठतात. मोरिओकाला त्यांची फारकत होते. तिथून पुढे हीच बुलेट ट्रेन साध्या रुळांवरून, फाटकं ओलांडत, नदीच्या कडेकडेने घाट चढायला लागते. बाबांना खिडकी द्या. आणि पासाच्या मोहात पडू नका. अख्ख्या जपानचा 7 दिवसांचा रेल्वे पास ऑक्टोबर 2023 मध्ये 29,650 येनवरून एकदम 50,000 येनवर गेला. टोकियो ते ताझावाको नुसतं जाऊन-येऊन करायचं असेल तर साधं तिकीट स्वस्त पडतं.

स्थानकासमोरून न्यूतो या झऱ्यांच्या ठिकाणाची बस मिळते, पाऊण तासाचा रस्ता आहे. तलावाला वळसा घालून ती बीच नावाच्या झाडांच्या जंगलात शिरते. न्यूतोला बाजारपेठ नाही, चौक नाही. झाडीत विखुरलेली, पाहुणे उतरवणारी सात घरं आहेत, सातही गरम पाण्याची, आणि सातांचं पाणी वेगळं. तुम्ही यांपैकी कुठेही एक रात्र राहिलात की सातही ठिकाणी एकेकदा डुंबता येईल अशी वही विकत मिळते, आणि त्यांच्यात फिरणारी छोटी गाडीही असते. बाहेरून दिवसापुरत्या येणाऱ्याला ही वही मिळत नाही. म्हणून मुक्काम करा म्हणते.

या सातांपैकी फोटोत सगळीकडे दिसतं ते त्सुरुनोयु. 1638 साली अकिताचा सरदार साताके योशिताका इथे उपचाराला आला होता असं सांगतात. त्याच्या पहारेकऱ्यांची म्हणून दाखवतात ती गवती छपराची लांबट काळी इमारत अजून उभी आहे आणि तिच्यात आजही पाहुणे उतरतात. खोलीत जमिनीतच शेगडी असते. बाहेर अंगणात 50 मीटरच्या आत चार वेगवेगळे झरे फुटतात. मोठ्या उघड्या कुंडातलं पाणी पातळ ताकासारखं पांढुरकं, आणि तळाच्या खड्यांमधून मधूनच बुडबुडा येतो. तो नेमका तुमच्या मांडीखाली आला की तुम्ही दचकणार. चटका बसतो, पण भाजत नाही.

आता माझं मत. त्सुरुनोयुची खोली मिळवायला काही महिने आधी धावपळ करावी लागते. नाही मिळाली तर हळहळू नका. राहायला सातांतलंच ताएनोयु घ्या आणि त्सुरुनोयुला दिवसा जाऊन या (सोमवारी तिथलं बाहेरचं कुंड साफसफाईसाठी बंद असतं, तेवढं सांभाळा). ताएनोयुला लोखंडामुळे तांबूस झालेलं एक पाणी आणि नितळ असं दुसरं, कुंडाला लागून खळाळता ओढा. ओगामाची इमारत म्हणजे एक जुनी लाकडी शाळा, उचलून इथे आणून उभी केलेली. मला स्वतःला गानिबा आवडतं. मुख्य घरापासून थोडं चालत गेलं की झाडांच्या मधोमध कुंड. ऑक्टोबरच्या शेवटी बीचची पानं पिवळीधमक असतात आणि पाण्यावर पडत राहतात. कोणी ती काढायच्या भानगडीत पडत नाही.

बाबांच्या डोंगराचं म्हणाल तर अकिता-कोमागाताके, 1,637 मीटर, या प्रांतातला सगळ्यात उंच. 1970 मध्ये तो फुटला होता. आठव्या टप्प्यापर्यंत बस जाते, पुढे आमिदा तळ्यापर्यंत तासाभराची चढण. पण ऑक्टोबरच्या शेवटी वर बर्फ भुरभुरायला लागतं आणि बसचा हंगामही संपत आलेला असतो. निघायच्या आदल्या दिवशी बस सुरू आहे का ते उतरलेल्या ठिकाणीच विचारा.

काकुनोदाते हे सामुराईंचं गाव रेल्वेने पुढचंच स्थानक. काळ्या लाकडी कुंपणांचा रुंद रस्ता, अर्ध्या दिवसाचं काम. तिथून दाकीगाएरी दरी जवळ आहे, तिच्याबद्दल खाली एका सरांच्या प्रश्नात येईलच.

*

प्रश्न: मैत्रिणी म्हणतात तिथे सगळ्यांसमोर संपूर्ण कपडे काढून पाण्यात उतरावं लागतं. खरं का? पोहण्याचा पोशाख घातला तर चालत नाही? मला कल्पनेनेच घाम फुटतो. पण नवऱ्याला जायचंच आहे. (कोल्हापूर)

उत्तर: खरं आहे. पोहण्याचा पोशाख नाही, परकर नाही, टॉवेलही पाण्यात नाही. पण "सगळ्यांसमोर" हे अर्धंच खरं. बायकांचं दार वेगळं, पुरुषांचं वेगळं. आत टोपल्या असतात, कपडे त्यात ठेवायचे. मग बसून आंघोळीची जागा लागते. बुटकं स्टूल, छोटी बादली, समोर नळ. तिथे साबण लावून, खळखळून धुऊन, फेसाचा थेंब न ठेवता मगच कुंडात. कुंड अंग धुवायचं नाही, बुडून बसायचं. केस वर बांधायचे. हातरुमालाएवढा पंचा मिळतो, तो पाण्यात न बुडवता डोक्यावर घडी करून ठेवायचा. पाच-दहा मिनिटं बसायचं, बाहेर येऊन गार व्हायचं, पाणी प्यायचं, वाटलं तर पुन्हा.

बायका तुमच्याकडे बघत नाहीत. आजी, नातवंडं, शेतात राबून आलेल्या बाया, सगळ्या आपापल्या गप्पांत. पहिली दोन मिनिटं तुम्हाला आपण उघड्या आहोत हे आठवेल, तिसऱ्या मिनिटाला पाण्याची ऊब. मिरजेहून आमच्या सासूबाई आल्या तेव्हा त्यांनी "मी नुसते पाय बुडवीन" असा निर्धार केला होता. तासाभराने त्यांना बाहेर काढायला मलाच आत जावं लागलं. एका म्हाताऱ्या शेतकरणीशी त्यांच्या गप्पा चालल्या होत्या. ही मराठीत, ती अकिताच्या बोलीत, विषय बहुधा गुडघे.

अडचण आली ती वेगळ्याच गोष्टीची. सासूबाईंच्या हातावर गोंदण आहे, तुळस आणि माहेरचं नाव. जपानात गोंदण म्हटलं की जुन्या लोकांना गुंडांच्या टोळ्या आठवतात, आणि पुष्कळ ठिकाणी गोंदलेल्या माणसाला पाण्यात येऊ देत नाहीत. मी त्यांना हळूच सांगितलं, "आई, इथे ही गुंडांची खूण समजतात." "अगं, मी गुंड?" म्हणून त्यांनी जे हसायला सुरुवात केली, ती रात्रीच्या जेवणापर्यंत. मालकीणबाईंनी हात बघितला, मी तुळशीचं सांगितलं, त्याही हसल्या आणि कातडीच्या रंगाची चिकटपट्टी आणून दिली. तुमच्यापैकी कोणाच्या आई-आजीच्या हातावर गोंदण असेल तर खोली राखतानाच विचारून घ्या.

स्त्री-पुरुष एकत्र असलेली कुंडं इथे आहेत, नाही कशाला म्हणू. त्सुरुनोयुचं ते मोठं पांढरं कुंड एकत्रच आहे. पण बायकांना आडोशातून थेट पाण्यात उतरता येतं आणि पाणी इतकं गढूळ की मानेखालचं काही दिसत नाही. बायकांसाठी निराळं उघडं कुंडही तिथेच आहे. ज्यांना काहीच नको त्यांनी "काशिकिरी" म्हणून विचारावं. म्हणजे कुटुंबापुरतं कुंड, तासावर मिळणारं, आतून कडी. नवऱ्याला सांगा, पहिल्या दिवशी ते ठरवूया.

आणि दागिने. माझी नणंद जोडवी काढायला तयार नव्हती. गंधकाच्या पाण्यात दहा मिनिटांत ती काळीकुट्ट झाली. चांदी आणि हायड्रोजन सल्फाइड एकत्र आले की हेच होणार. मंगळसूत्रातलं सोनं शुद्ध नसतं, त्यात तांबं-चांदी असतेच, तेही काळवंडतं. जोडवी, पैंजण, मंगळसूत्र सगळं खोलीत ठेवून जा. काळी पडलेली चांदी ॲल्युमिनियमच्या कागदावर ठेवून गरम पाणी आणि खायचा सोडा घातला की बरीचशी उजळते. नणंदेने रडून झाल्यावर आम्ही तेच केलं.

*

प्रश्न: मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक आहे. जपानात एका झऱ्याचं पाणी इतकं आम्लयुक्त आहे की त्याने एका तलावातले सगळे मासे मेले, असं कुठेतरी वाचलं. हे शक्य आहे का, की फुगवून सांगितलेली गोष्ट? (सांगली)

उत्तर: सर, शक्य आहे आणि झालेलं आहे. फक्त मासे झऱ्याने मारले नाहीत. माणसांनी झरा तलावात सोडला.

न्यूतोच्या उत्तरेला डोंगरात तामागावा आहे. तिथे ओबुकी नावाचं एकच तोंड मिनिटाला सुमारे 9,000 लिटर पाणी ओकतं. तापमान 98 अंश, पीएच 1.2 च्या आसपास (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जहाल). लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या वर असतो, म्हणजे हे किती जहाल ते तुम्हाला मी सांगायला नको. आम्ल मुख्यतः हायड्रोक्लोरिक, जोडीला गंधकाम्ल. तोंडाशी उभं राहिलं तर पायाखाली धडधड जाणवते आणि वाफेने चष्मा पांढरा होतो. पाणी उकळतच ओढा होऊन खाली धावतं आणि नदीला मिळतं. नदीचंही नाव तामागावाच. खालच्या खोऱ्यातले भातशेतकरी पिढ्यान् पिढ्या या पाण्याला विषाचं पाणी म्हणत आले, कारण त्याने पीक जळायचं.

पायथ्याशी ताझावा तलाव. खोली 423.4 मीटर, जपानमधला सगळ्यात खोल. पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून 249 मीटरवर, म्हणजे हिशेब केलात तर तळ समुद्राच्याही खाली जातो. हिवाळ्यात सगळीकडे बर्फाचे थर साचतात, पण हा गोठत नाही. यात कुनिमासु नावाचा मासा होता, सामनच्या कुळातला, काळसर, खोल पाण्यात राहणारा, जगात दुसरीकडे कुठेही नसलेला. एका माशाला एक शो तांदूळ, असा त्याचा भाव सांगत. एक शो म्हणजे जवळजवळ दीड किलो.

1940 साली सरकारने तामागावाचं पाणी वळवून तलावात सोडलं. दोन पक्षी एका दगडात मारायचे होते: आम्ल एवढ्या मोठ्या तलावात पातळ होईल आणि शेतीला चालेल, आणि तलाव वीजनिर्मितीचा साठाही होईल. युद्धाचा काळ, वीज हवी, भात हवा. मासेमारांचं कोण ऐकणार? थोड्याच काळात तलावातले जवळपास सगळे मासे गेले, कुनिमासु तर नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

पुढची गोष्ट मात्र तुमच्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. त्याच्या पाच वर्षं आधी, 1935 मध्ये, कुनिमासुची अंडी फुजीजवळच्या सायको तलावात सोडण्यासाठी पाठवली होती. ती जगली की नाही कोणाला माहीत नव्हतं. 1990 च्या दशकात ताझावाच्या पर्यटन संघाने मासा शोधून देणाऱ्याला बक्षीस लावलं, ते वाढवत 50 लाख येनांपर्यंत नेलं. काही हाती लागलं नाही. मग 2010 साली क्योतो विद्यापीठाचे प्राध्यापक नाकाबो तेत्सुजी यांनी साकाना-कुन यांना कुनिमासुचं चित्र काढायला सांगितलं. साकाना-कुन म्हणजे डोक्यावर माशाची टोपी घालून टीव्हीवर येणारे मत्स्यतज्ज्ञ. त्यांनी नमुन्यासाठी सायकोहून जवळच्या जातीचे मासे मागवले. आलेल्यांतले काही विचित्र काळे होते. तपासले, जनुकंही पाहिली: कुनिमासु! सत्तर वर्षं तो तिथे दुसऱ्या माशाच्या नावाने वावरत होता. जो शोधायला बक्षीस लावलं, तो चित्रासाठी मागवलेल्या खोक्यातून निघाला.

तो घरी परतला का, हे तुम्ही विचारणारच. नाही. 1989 पासून डोंगरावर चुनखडीने हे आम्ल मारतात, तुमच्या प्रयोगशाळेतली तीच अभिक्रिया, कार्बन डायऑक्साइडच्या बुडबुड्यांसह, फक्त नदीएवढी. तरी तलाव अजून आम्लधर्मीच आहे. काठावर 2017 मध्ये कुनिमासुचं छोटं संग्रहालय उघडलं, तिथे टाकीत जिवंत मासे बघायला मिळतात. काचेपलीकडे कुनिमासु आणि खिडकीबाहेर त्याचा तलाव. मला हे या भागातलं सगळ्यात बघण्यासारखं ठिकाण वाटतं, आणि सहलींच्या बसेस नेमक्या इथे न थांबता सोनेरी पुतळ्याकडे जातात.

तो पुतळा तात्सुकोचा, 1968 मध्ये बसवलेला. रूप कायम राहावं म्हणून तिने झऱ्याचं पाणी प्यायलं आणि ती नागसर्पासारखी अजस्र ड्रॅगन होऊन तलावात राहिली, अशी दंतकथा. तिच्या आईने रडत हातातलं जळतं लाकूड पाण्यात फेकलं आणि त्याचाच मासा झाला, तोच कुनिमासु. काळा का, तर कोळशाचा म्हणून.

तलावाभोवतीचा रस्ता साधारण 20 किलोमीटर, भाड्याच्या सायकलीवर सपाट आणि सोपा. आणि पुण्याच्या वाचकांना म्हटलं ती दाकीगाएरी दरी याच तामागावा नदीची. पाणी इतकं गर्द निळं की पहिल्यांदा बघणाऱ्याला रंग टाकल्याचा संशय येतो. 1926 चा तांबडा झुलता पूल आहे, त्यापुढे कड्यातून कोरलेली वाट धबधब्यापर्यंत जाते. दरडी कोसळल्या की वाट बंद ठेवतात, तेव्हा फलक बघून पाऊल टाका.

*

प्रश्न: मावशीला कर्करोग आहे. कोणीतरी सांगितलं की तामागावाच्या गरम खडकांवर झोपून बरं वाटतं, तिथले दगड किरणोत्सारी असतात. उपचार थांबवून तिला महिनाभर तिथे न्यावं असं घरात चाललंय. तुमचं मत? (नाशिक)

उत्तर: उपचार थांबवू नका. हे पहिलं वाक्य घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

तुम्ही ऐकलंत ते ठिकाण खरं आहे. तामागावाला डोंगराच्या उतारावर वाफ निघणाऱ्या गरम जमिनीवर चटई अंथरून लोक झोपतात, पांघरूण घेऊन. तिथे होकुतोसेकी नावाचा, रेडियम असलेला दुर्मीळ खडक तयार होतो. तो तैवानमधल्या बेतौला आणि इथे सापडतो, राष्ट्रीय संरक्षित आहे, उचलायला बंदी आहे. दूरदूरचे आजारी लोक येतात, आठवडेच्या आठवडे राहतात, शेजारच्या चटईवरच्याशी ओळख होते. मी तिथे बसलेली आहे. आपल्यासारखंच दुखणं असलेली माणसं सोबत असण्याचा आधार फार मोठा असतो, हे मान्य. पण त्या खडकाने गाठ विरघळते याला वैद्यकीय पुरावा नाही. केमोने नाजूक झालेल्या कातडीला ते आम्ल झोंबतं. जवळ मोठं रुग्णालय नाही. मावशींच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आणि त्यांना स्वतःला जावंसं वाटलं, तर दोन उपचारांच्या मधल्या काळात दोन-तीन दिवस जाऊन या, तेही उन्हाळ्यात. हिवाळ्यात नको. फेब्रुवारी 2012 मध्ये या खडकांवरच्या तंबूंवर हिमस्खलन झालं आणि तिघे गेले.

याच निमित्ताने डोंबिवलीच्या एका वाचकांना: तुमच्या वडिलांचा रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात असेल तर त्यांना न्यूतोचं पाणी चालेल, पण डॉक्टरांना विचारून. पोट भरून किंवा साके (तांदळाची दारू) घेऊन उतरायचं नाही, एकट्याने उतरायचं नाही, गळ्यापर्यंत न बुडता छातीखाली पाणी ठेवायचं, आणि उठताना कठड्याला धरून सावकाश. चक्कर येते ती बाहेर येतानाच. मधुमेह असेल तर तळपायाला जखम नाही ना, हे आधी बघा.

*

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी. कांदा-लसूण चालतो, अंडं नाही. उपाशी परत यायला नको. (नागपूर)

उत्तर: उपाशी राहणार नाही, पण आयत्या वेळी सांगून भागणार नाही. डोंगरातल्या या ठिकाणी संध्याकाळचं जेवण ठरलेलं असतं आणि रस्त्यावर हॉटेल नाही. खोली राखतानाच लिहा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, आणि वाळवलेल्या माशाचं सारही नाही. शेवटचं विसरलात तर सगळं मुसळ केरात, कारण भाजीची आमटी दिसते शाकाहारी आणि पाया असतो माशाचा. काही ठिकाणं चक्क नाही म्हणतात. त्यात अपमान मानू नका, दुसरं घर बघा.

मिळेल ते छान असतं. रानातल्या अळंब्या, कोवळे बांबूचे कोंब, अकिताचा भात, टोफू. इबुरिगाक्को नावाचं लोणचं चाखाच. मुळे लाकडाच्या धुरावर टांगून मग कोंड्यात मुरवतात. धुराचा वास असा की आपल्या जेवणात भातासोबत ते एकटंच पुरतं. अकितातल्याच युझावाकडची इनानिवा उदोन ही बारीक शेवयांसारखी असते, ती मात्र साराशिवाय मागवा. किरीतांपो म्हणजे काठीवर थापून भाजलेला भात, पण तो कोंबडीच्या रश्शात येतो. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा गोळा) लावून नुसता भाजलेला मिळाला तर घ्या. आणि पिशवीत ठेपले असू द्या, मी इतकी वर्षं इथे राहून माझ्याही पिशवीत असतात.

*

प्रश्न: फेब्रुवारीत बर्फातल्या कुंडाचे फोटो काढायला यायचंय. गाडी भाड्याने घेऊ का? अस्वलांच्या बातम्या वाचून बायको घाबरली आहे. (न्यू जर्सी)

उत्तर: अस्वलांची भीती फेब्रुवारीत कमी, ती झोपलेली असतात. वहिनींची भीती चुकीची मात्र नाही. 2025 च्या शरदात अकितात अस्वलांचा इतका उपद्रव झाला की नोव्हेंबरमध्ये पिंजरे लावायच्या कामी आत्मसंरक्षण दलाचे, म्हणजे जपानच्या लष्कराचे, जवान बोलवावे लागले. बीचच्या बिया आणि ओकची फळं धरली नाहीत, आणि खेडी ओस पडल्यामुळे जंगल आणि घर यांच्यात राखणारं माणूस उरलं नाही. म्हणून मे ते नोव्हेंबर येणाऱ्या सगळ्यांना सांगते, पायवाटेवर पिशवीला घंटा बांधा, पहाटे आणि तिन्हीसांजेला एकटे फिरू नका, आणि हॉटेलवाल्याने "आज त्या वाटेला जाऊ नका" म्हटलं तर वाद घालू नका.

फेब्रुवारीत धोका वेगळा आहे. गंधकाचा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खोलगट जागेत साचतो. डिसेंबर 2005 मध्ये युझावाच्या दोरोयु इथे बर्फातल्या खळग्यात उतरलेलं चार जणांचं कुटुंब याच वायूने गेलं. वायू फार झाला की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. तेव्हा चांगला फोटो मिळावा म्हणून दोरीपलीकडे, वाफेजवळच्या बर्फाच्या खळग्यात पाऊल टाकू नका. कॅमेऱ्याची धातूची अंगंही वाफेपासून जपा. लोक पाण्यात असताना फोटो काढायला तर कुठेच परवानगी नाही, पहाटे कुंड रिकामं असताना मालकांना विचारून काढा.

गाडी नको. न्यू जर्सीच्या बर्फाचा अनुभव असेलही, पण इथला घाट अरुंद आणि बर्फाच्या भिंतींमधला. बस नियमित येते. तामागावाचा रस्ता हिवाळ्यात खासगी गाड्यांना बंदच असतो. तारखा जमल्या तर 10 फेब्रुवारीला सेम्बोकुतल्या कामीहिनोकिनाईत कागदाचे मोठाले फुगे गरम हवेने रात्रीच्या आभाळात सोडतात, आणि 14 ला काकुनोदातेत पेटवलेली गवताची पेंढी दोरीने अंगाभोवती गरगर फिरवतात. पाहुण्यांनाही फिरवू देतात, नायलॉनचं जाकीट घालून जाऊ नका एवढंच. कुरोयु हे न्यूतोतलं घर नोव्हेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत बंद असतं, त्यामुळे त्याचं आरक्षण शोधत बसू नका. त्सुरुनोयुला आत्ताच फोन लावा, फेब्रुवारीच्या खोल्या सगळ्यात आधी जातात.